इशारा वेळेवर पोहोचावा म्हणून

पांढुर्णा जिल्ह्यातील मोहगाव-सौंसर हा भाग संत्र्याच्या बागांचा आहे. आभाळ भरून आले असता बागेत काम करणाऱ्या मजुरांना विजेचा इशारा काही मिनिटांतच मिळाला पाहिजे. वीज पडून गेल्यावर आलेला संदेश कितीही अचूक असला तरी निरुपयोगीच होय. म्हणून एकाच वेळी लाखो लोकांना संदेश पोहोचविणारी यंत्रणा कशी चालते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

देशात या कामासाठी ‘सचेत’ ही यंत्रणा आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी ती सी-डॉट या केंद्र सरकारच्या दूरसंचार संशोधन संस्थेने विकसित केली आहे. हवामान विभाग, जल आयोग इत्यादींचे इशारे एकाच ठराविक नमुन्यात नोंदविले जातात व दूरसंचार कंपन्यांमार्फत लोकांपर्यंत जातात.

रांगेची अडचण

मोबाईलवरील साधा संदेश प्रत्येक क्रमांकास स्वतंत्रपणे पाठवावा लागतो. समजा, क्रमांक 1 लाख आहेत आणि दर सेकंदास 100 संदेश जातात. तर शेवटच्या माणसाला तो सुमारे 17 मिनिटांनी मिळेल. शिवाय देवनागरीत एका संदेशात 70 अक्षरचिन्हेच मावतात. मजकूर वाढला की संदेशाचे तुकडे होतात आणि रांग आणखी लांबते.

यावर एक उपाय म्हणजे कामाची वाटणी. अशा मोठ्या यंत्रणांत निरनिराळ्या ठिकाणची संगणक केंद्रे एकच रांग वाटून घेतात. पोच मिळेपर्यंत संदेश रांगेतून काढला जात नाही. त्यामुळे एक केंद्र बंद पडले तरी दुसरे ते काम पुढे चालविते. प्रत्येक संदेशास क्रमांक असल्याने तोच संदेश पुन्हा आल्यास ओळखता येतो.

मनोऱ्यावरून दवंडी

दुसरा उपाय ‘सेल ब्रॉडकास्ट’ हा होय. कोतवालाने चौकात दवंडी पिटावी, त्याप्रमाणे मोबाईलचा मनोरा आपल्या टापूतील सर्व फोनना एकदम इशारा देतो. येथे कोणाचाही क्रमांक लागत नाही. परगावाहून आलेल्या मजुराच्या फोनवरही तो उमटतो. ऐकणारे शंभर असोत वा लाख, मनोऱ्याचा भार तेवढाच राहतो. 2023 साली देशभर या पद्धतीच्या चाचण्या घेण्यात आल्या, तेव्हा अनेकांचे फोन एकाएकी मोठ्याने वाजू लागले होते.

तथापि या दवंडीची पोच परत येत नाही. बंद पडलेला फोन, मनोऱ्याच्या कक्षेबाहेरचे शेत किंवा फोनच नसलेला मजूर यांची यंत्रणेस वार्ता नसते. यास्तव ग्रामपंचायतीने ध्वनिक्षेपकाची सोय तयार ठेवावी व शिक्षकांनी मुलांस इशाऱ्याचा अर्थ समजावून द्यावा. ज्याच्या फोनवर इशारा येईल, त्याने शेजारच्या बागेतही हाक द्यावी आणि झाडाखाली न थांबता सर्वांनी पक्क्या घराचा आसरा घ्यावा.