चिनी हात, रिता हात

कराटे म्हटले की हाताच्या एका फटक्यासरशी कौलांची चळत फोडणारा, पांढरा पोशाख केलेला कोणी बलदंड पुरुष आपल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. चित्रपटांनी ही प्रतिमा इतकी रूढ केली आहे की तिच्यामागचा इतिहास जाणून घेण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. ज्यांनी ही विद्या जपानच्या मुख्य भूमीवर नेऊन रुजविली ते गिचिन फुनाकोशी पेशाने शाळामास्तर होते, अंगकाठीने लहानखुरे होते, आणि बालपणी इतके अशक्त होते की हे मूल जगेल याचाच घरच्यांना भरवसा नव्हता. टोकियोत ते आले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती. शिवाय ज्या अर्थाने टोकियोचा मनुष्य स्वतःला जपानी म्हणवीत असे त्या अर्थाने ते जपानीही नव्हते. या शेवटच्या गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते. पण तिच्यावाचून या गुरूंच्या तत्त्वज्ञानाचा उलगडा व्हावयाचा नाही.

ओकिनावा हे रिउक्यु नावाच्या एका छोट्या राज्याचे मुख्य बेट. चीनच्या सम्राटाला नजराणे पाठवून व्यापार करावा आणि त्या व्यापारावर दरबार चालवावा, अशी या राज्याची रीत होती. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारांनी ते जिंकले, पण राजा गादीवर ठेवला. १८७९ मध्ये मेइजी सरकारने तेवढाही आडपडदा ठेवला नाही. राज्य खालसा झाले, राजा शो ताइ याला टोकियोला नेण्यात आले आणि ओकिनावा हा जपानचा एक प्रांत बनला. फुनाकोशी यांचा जन्म १८६८ चा, शुरी या राजधानीतला. त्यांचे घराणे जुन्या दरबारी वर्गातले आणि डोक्यावरची शेंडीवजा गाठ कापण्यास कडवा विरोध करणारे. वैद्यकीय शाळेत जाण्याची फुनाकोशींची इच्छा होती. परंतु ही गाठ राखणाऱ्यांना तेथे प्रवेश नव्हता, म्हणून तो मार्ग बंद झाला. पुढे शिक्षकाची नोकरी पत्करताना गाठ कापावीच लागली आणि आईवडिलांचा रोष ओढवला. पराभूत समाजातील सुशिक्षित तरुणाची ही कोंडी भारतीय वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही.

त्यांचे खरे शिक्षण रात्री चाले. आन्को अझातो हे त्यांचे गुरू. गुरूंचा मुलगा त्यांचा शाळासोबती. मंद कंदील हाती घेऊन हा मुलगा काळोखात गुरूंच्या घरी जाई आणि अंगणात एकच ‘काता’ पुन्हा पुन्हा करी. काता म्हणजे कल्पित प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या पवित्र्यांचा ठरलेला क्रम. अझातो ओसरीवर ताठ बसून पाहत. काही चुकले की ‘पुन्हा’, आणि फारच बरे झाले तर एखादा हुंकार, याहून अधिक बोलणे नसे. एक काता अनेक महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे चाले. तो गळी उतरल्याचे गुरूला पटल्याखेरीज दुसरा मिळत नसे. शिष्याला याचा कंटाळा येई, अपमानही वाटे. फुनाकोशींनी हे आपल्या आत्मचरित्रात प्रांजळपणे सांगितले आहे. आपल्याकडे एकेका रागावर वर्षे घालविणाऱ्या गवयांच्या कथा आपण ऐकतो, त्या जातीची ही तालीम होती. यात मंत्रतंत्र नव्हते आणि चमत्कारही नव्हता.

त्यांचे दुसरे गुरू आन्को इतोसु यांनी ही विद्या अंगणातून शाळेत आणली. विसाव्या शतकाच्या आरंभी ओकिनावातील शाळांत ती शिकविली जाऊ लागली, आणि १९०८ मध्ये इतोसुंनी तिच्या समर्थनार्थ दहा कलमांचे एक पत्र लिहिले. हे पत्र मुळातून पाहण्यासारखे आहे. कराटेचे मूळ बौद्ध वा कन्फ्यूशियसच्या धर्मात नाही, असे ते प्रारंभीच बजावते. पण हीच विद्या उद्याचे सैनिक घडवील, असेही ते सांगते आणि त्यासाठी शाळेच्या क्रीडांगणाचे श्रेय मानणाऱ्या वेलिंग्टनचा हवाला देते! खालसा झालेल्या राज्यातला हा वृद्ध गुरू आपली विद्या वाचविण्यासाठी जेत्याच्या सैन्याला ती देऊ करतो. त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु जेथे शाळेत मातृभाषेत बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षेची पाटी अडकविली जात होती तेथे विद्या टिकविण्याचे दुसरे कोणते मार्ग मोकळे होते, हेही दोष देणाराने सांगावयास हवे.

१९०३ मध्ये ओसाकाच्या औद्योगिक प्रदर्शनाच्या वेळी रिउक्युच्या स्त्रियांना ‘मानववंश दालना’त लोकांना पाहण्यासाठी मांडले होते. त्यानंतर अवघ्या १९ वर्षांनी, १९२२ मध्ये, फुनाकोशी शिक्षण खात्याने भरविलेल्या क्रीडाप्रदर्शनात प्रात्यक्षिक देण्यासाठी टोकियोला गेले. आदल्याच वर्षी युवराज हिरोहितो यांच्यापुढे शुरीच्या राजवाड्यात त्यांच्या नेतृत्वाखाली प्रात्यक्षिक झाले होते. ज्यूडोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांनी आग्रहाने थांबवून घेतले आणि परतण्याचा बेत लांबत गेला. राजधानीत या पाहुण्याचा मुक्काम ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात होता. दिवसा ते तेथील आवार झाडीत, खोल्या साफ करीत. जेवणाचे पैसे कमी पडत म्हणून स्वयंपाक्याला कराटे शिकवून सवलत मिळवीत. जुनी टोपी आणि कपडे गहाण टाकण्याची वेळही आली. पत्नी ओकिनावातच राहिली, कारण पूर्वजांच्या समाध्या सोडून येण्यास तिची तयारी नव्हती. दोघांची एकत्र राहण्याची वेळ आली ती महायुद्धानंतर, आणि १९४७ मध्ये ती वारली.

आता नावाची गोष्ट. ओकिनावात या विद्येला नुसते ‘ते’, म्हणजे ‘हात’, म्हणत. लिहिताना तिच्याआधी तांग घराण्याचे, म्हणजे चीनचे, चिन्ह येई. फुनाकोशींच्या १९२२ च्या पुस्तकावर हेच ‘चिनी हात’ नाव आहे. पुढे त्यांनी उच्चार तोच ठेवून चिन्ह बदलले आणि ‘रिता हात’ केले. समर्थनार्थ त्यांनी प्रज्ञापारमिता हृदयसूत्रातील रूप आणि शून्यता यांच्या अभेदाकडे बोट दाखविले. हे रितेपण ज्या चिन्हाने लिहितात ते आपल्याच ‘शून्य’ शब्दाचे चिनी भाषांतर आहे, ही आपल्या दृष्टीने कुतूहलाची गोष्ट. मन दरीसारखे रिकामे असावे, म्हणजे त्यात आवाज उमटेल, असा त्यांचा विचार होता. तो उसना नव्हता. पण बदलाचा काळ पाहिला की केवळ अध्यात्माने समाधान होत नाही. १९३१ मध्ये जपानने मांचुरिया घेतला होता आणि १९३७ मध्ये चीनशी उघड युद्ध पेटणार होते. टोकियोत चीनचे नाव मिरविणे परवडणारे नव्हते. कातांची ओकिनावी नावेही जपानी वळणाची झाली. ‘पिनान’चे ‘हेइआन’ झाले. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा येथे ‘रिउक्यु शिम्पो’ या वृत्तपत्राच्या पुढाकाराने बुजुर्ग गुरूंची बैठक भरली. मुख्य भूमीवरील तरुणांना जुने नाव रुचत नाही, हा युक्तिवाद तेथे झाला आणि ‘रिता हात’ मान्य झाला.

सर्व गुरू या साच्यातले नव्हते, हे सांगितले पाहिजे. राजघराण्याशी नाते असलेले चोकी मोतोबु नाहाच्या वेश्यावस्तीत मारामाऱ्या करून आपली विद्या पारखून घेत. क्योटोत त्यांनी एका परदेशी मुष्टियोद्ध्याला लोळविले. ‘किंग’ मासिकाने १९२५ मध्ये ती हकीकत छापली, पण चित्रांतला चेहरा मात्र फुनाकोशींचा! मोतोबु संतापले यात नवल काय?

फुनाकोशींना झुंजी मान्यच नव्हत्या. आपणहून पहिला हात उगारू नये, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा. टोकियोच्या विद्यापीठातील शिष्य चिलखते बांधून सामने खेळू लागले तेव्हा त्यांनी तेथील संबंध तोडला. मात्र हा मनुष्य ज्या तरुणांना हात आवरावयास शिकवीत होता तेच तरुण पुढे सैन्यात भरती होऊन रणांगणावर गेले, आणि अनेक परतले नाहीत. त्याविरुद्ध गुरूने आवाज उठविल्याचे दिसत नाही. हा विसंगतीचा डाग भक्तांनी झाकू नये. १९४५ मध्ये बाँबहल्ल्यात त्यांची ‘शोतोकान’ ही तालीम जळाली, त्याच वर्षी पुत्र गिगो क्षयाने गेला. ओकिनावाच्या लढाईत तर बेटाच्या लोकसंख्येपैकी सुमारे चतुर्थांश माणसे मेली. गोजु पंथाचे संस्थापक चोजुन मियागी यांनी मुले आणि पट्टशिष्य गमावला. वृद्ध चोतोकु क्यान युद्धानंतर थोड्याच दिवसांत वारले.

युद्धोत्तर टोकियोत एका रात्री ऐंशीच्या घरातील फुनाकोशींवर एका भुरट्याने हल्ला केला. त्यांनी त्याला जागच्या जागी जखडून पोलिसाच्या हवाली केले. या पराक्रमाचा त्यांना अभिमान वाटला नाही. हात चालवावा लागला याची शरम वाटली, असे ते लिहितात. एप्रिल १९५७ मध्ये ते वारले. अंत्यविधी कोणी करावा यावरून शिष्यांत फूट पडली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अखिल जपान कराटे स्पर्धा भरली.

ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये कराटेला प्रथमच स्थान मिळाले. पुढे पॅरिसच्या २०२४ च्या कार्यक्रमातून ते वगळलेही गेले. टोकियोतील पुरुषांच्या काता स्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले ओकिनावाच्या र्‍यो कियुना यांनी. त्या भूमीतल्या खेळाडूचे ते पहिलेच ऑलिंपिक सुवर्ण होते. दिवंगत आईचे छायाचित्र हाती घेऊन ते पदकमंचावर उभे राहिले. युवराजापुढे जेथे १९२१ मध्ये प्रात्यक्षिक झाले तो शुरीचा राजवाडा १९४५ च्या लढाईत नष्ट झाला होता. पुन्हा उभारलेला राजवाडाही २०१९ च्या ऑक्टोबरात आगीत भस्मसात झाला. ओकिनावाच्या प्रांतिक विधानसभेने २००५ मध्ये ठराव करून कराटे दिन जाहीर केला. त्या सुमारास नाहाच्या मुख्य रस्त्यावर हजारो माणसे एकाच वेळी काता करतात. त्यासाठी निवडलेली तारीख २५ ऑक्टोबर आहे, म्हणजे बुजुर्गांनी १९३६ मध्ये जुने नाव टाकले तीच.