आयसोटॉनिक : पण कशाशी सारखं?

गेल्या सेमिस्टरमधली गोष्ट. रविवारच्या फीस्टनंतर आमच्या विंगमधल्या एकाचं पोट बिघडलं. सकाळपर्यंत पठ्ठ्या आडवा! रूम पार्टनरने धावत जाऊन मेडिकलमधून ओआरएसचं पाकीट आणलं आणि अख्खं एका ग्लासात ढवळलं. "स्ट्राँग केलंय, लवकर बरा होशील." दुपारपर्यंत तब्येत आणखीच खालावली. शेवटी दवाखाना आणि सलाइन. "हे आयसोटॉनिक आहे, काळजी करू नका," डॉक्टर म्हणाले. त्यावर आमच्या विंगचा जिमवीर हळूच म्हणतो, "आयसोटॉनिक म्हणजे डंबेल्स ना? ते बाटलीत कसं गेलं?"

सगळे हसले, पण उत्तर एकालाही देता आलं नाही. बायो सोडून मॅथ्सच्या मागे लागल्याचे परिणाम!

शब्द ग्रीक आहे. 'आयसो' म्हणजे सारखा, 'टोनोस' म्हणजे ताण. सारखा ताण. प्रश्न एवढाच, की कसला ताण आणि कशाशी सारखा?

आधी केमिस्ट्री. ज्यातून फक्त पाणी जाऊ शकतं असा अर्धपार्य पडदा मध्ये ठेवला, तर पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जातं. हे परासरण. ते थांबवायला जेवढा दाब द्यावा लागेल तो परासरण दाब. दोन द्रावणांचा हा दाब सारखा असला की ती एकमेकांशी आयसोटॉनिक. डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीज यांनी १८८४ च्या सुमारास वनस्पतीच्या पेशी वापरून अशा द्रावणांची तुलना केली. त्याचा उपयोग करून व्हान्ट हॉफ यांनी जो नियम मांडला, त्याचं सूत्र आपल्या आयडियल गॅसच्या सूत्राचा सख्खा भाऊ शोभेल. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल, १९०१ सालचं, त्यांनाच मिळालं.

त्या सूत्रात सलाइन टाकून बघा. १ लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ, म्हणजे ०.१५४ मोल. मिठाचे दोन आयन होतात, म्हणून ०.३०८. शरीराचं तापमान ३१० केल्व्हिन. उत्तर येतं सुमारे ७.८ अ‍ॅटमॉस्फिअर, म्हणजे जवळजवळ ८० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब! एवढा दाब असून आपल्या रक्तपेशी फुटत नाहीत, कारण आत-बाहेर तो सारखा असतो. तेच साधं डिस्टिल्ड वॉटर शिरेत सोडलं, तर पाणी आत घुसून पेशी फुगतील आणि फुटतील. उलट फार खारट पाण्यात त्या मनुक्यासारख्या आक्रसतात.

आता खरी गंमत. १ लिटरमध्ये साधारण १८ ग्रॅम युरिया विरघळवला, तर कागदावर त्याचा परासरण दाब सलाइनएवढाच येतो. पण त्यात टाकलेल्या लाल रक्तपेशी फुटतात! कारण युरिया पेशीच्या पडद्यातून बिनधास्त आत जातो आणि पाठोपाठ पाणीही जातं. म्हणून बायोलॉजीत नुसतं द्रावण बघून चालत नाही, पडदा कुणाला आत सोडतो हेही बघावं लागतं. शाळेच्या पुस्तकातला 'समपरासारी' हा शब्द पाठ करताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

जिमवीराचं आयसोटॉनिक वेगळंच. तिथे ताण म्हणजे स्नायूतला ताण. तो कायम राहून स्नायूची लांबी बदलली तर आयसोटॉनिक. लांबी तीच राहून नुसता ताण आला, जसं प्लँकमध्ये, तर आयसोमेट्रिक. पण ज्यांचा मेकॅनिक्सचा पेपर सुटलाय त्यांनी बायसेप कर्लचा मोमेंट काढून बघावा. डंबेल तेच असलं तरी हात आडवा असताना मोमेंट सर्वांत जास्त, खाली सोडल्यावर जवळजवळ शून्य. म्हणजे ताण सारखा राहतच नाही! प्रयोगशाळेत सुट्या स्नायूला वजन टांगून जे होतं ते खरं आयसोटॉनिक. जिममधलं फक्त नावाचं.

आता त्या ग्लासाकडे येऊ. रक्ताची तीव्रता लिटरला सुमारे २९० मिलिऑस्मोल. ओआरएसचं जुनं सूत्र ३११ चं होतं. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने ते २४५ वर आणलं, म्हणजे मुद्दाम रक्तापेक्षा थोडं पातळ, कारण त्यातून आतड्याला पाणी सोपं शोषता येतं. १ लिटरचं पाकीट २०० मिलिलिटरच्या ग्लासात टाकलं की तीव्रता पाचपट, १२२५! असं द्रावण आतड्यात गेलं की ते शरीरातलंच पाणी बाहेर खेचतं. मित्राला पाणी पाजतोय असं समजून आम्ही त्याचं पाणी काढत होतो.

२०० मिलिलिटरची छोटी पाकिटंही मिळतात, त्यामुळे घेताना छापलेलं वाचा. आता आमच्या विंगमध्ये १ लिटरची एक बाटली कायम ठेवलेली असते. तिच्यावर जिमवीराने मार्करने रेघ मारून लिहिलंय, 'इथपर्यंत पाणी, मग पाकीट.'