खाटांच्या बाहेरचं रुग्णालय

खुलताबादला येणारा माणूस बहुधा कुणाच्या तरी कबरीवर माथा टेकायला, उरुसाला नाहीतर भद्रा मारुतीच्या दर्शनाला आलेला असतो. औरंगजेब, मलिक अंबर, पहिला निझाम अशी एकमेकांच्या इतिहासात गुंतलेली माणसं एवढ्याशा गावात शेजारीशेजारी निजलेली आहेत, त्यामुळे पाहुण्याला पाहण्यासारखं पुष्कळ असतं. गावातलं ग्रामीण रुग्णालय मात्र कुणाच्या यादीत नसतं. तिथे जातात वेरूळ, गदाना, बाजार सावंगी, गल्ले बोरगावकडची माणसं: फणफणलेलं पोर, विंचू चावलेला शेतमजूर, दिवस भरलेली लेक. आणि तिथे भागलं नाही की एकच वाक्य ऐकू येतं, ‘घाटीला न्या.’ घाटी म्हणजे संभाजीनगरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, 1956 साली सुरू झालेलं. अंतर पंचवीस-एक किलोमीटर, वाटेत दौलताबादचा घाट. 2014 मध्ये 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आली. त्याआधी जीप, टेम्पो, जे मिळेल ते.

कागदावर ही उतरंड चोख आहे. 1946 च्या भोर समितीच्या अहवालापासून ती रचली गेली. आज सपाटीच्या भागात पाच हजार लोकांमागे उपकेंद्र, तीस हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय आणि सर्वांत वर जिल्हा. रोगी खालून वर चढतो असं त्यात गृहीत धरलेलं असतं. तो चढायच्या आधी काय करायचं, याचं सर्वांत धीट उत्तर महाराष्ट्रातल्या एका छोट्या रुग्णालयाने दिलं. ते खुलताबादपासून दूर, पण मराठवाड्याच्या कुंपणालाच आहे. नगर जिल्ह्यातलं जामखेड; पलीकडे बीड, भोवती बालाघाटचे कोरडे डोंगर, आणि दिवाळी सरली की कोयते घेऊन ऊसतोडीला निघणारी कुटुंबं.

डॉ. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच, जन्म 1934 चा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये त्यांची मेबल यांच्याशी गाठ पडली. 1960 मध्ये लग्न झालं आणि खेड्यातल्या गरिबांसाठीच काम करायचं हे त्याच वेळी ठरलं. पुढची काही वर्षं दोघांनी नेवासा तालुक्यातल्या वडाळा मिशन रुग्णालयात काढली. तिथे पेशंटची कमी नव्हती. कमी होती ती बरं होऊन बरं राहण्याची. हगवणीने सुकलेलं मूल सलाइन लावून ताजंतवानं घरी जायचं आणि पुन्हा तेच पाणी पिऊन परत यायचं. या चक्राचं काय करायचं, हा प्रश्न घेऊन दोघं अमेरिकेत गेले. तिथे आधी रुग्णालयातलं प्रशिक्षण झालं आणि मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण.

1970 मध्ये जामखेडला काम सुरू झालं ते जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या पडीक इमारतीत. हा तपशील आरोळ्यांवरच्या प्रत्येक लेखात असतो आणि त्यात थोडी संतचरित्राची झाक येते. खरं तर दोघांचा बेत व्यवहारी होता. मोठी इमारत उभी केली असती तर तीच सांभाळत बसावं लागलं असतं. गावात शस्त्रक्रिया होते, अडलेली बाई सुटते, हे दिसलं की लोकांचा विश्वास बसतो. आणि तो बसला की गावात शिरता येतं. दवाखान्याचं काम त्यांच्या हिशेबात एवढंच होतं. बाकीचं सगळं बाहेर करायचं होतं.

बाहेर मात्र आरोग्याला कुणी विचारत नव्हतं. गावकऱ्यांच्या गरजांच्या यादीत दाणा आणि पाणी आधी होते. मग 1972 चा दुष्काळ आला. डॉक्टरांनी मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरं उभी करायला मदत केली आणि कूपनलिका खणायला घेतल्या. जागा दाखवणाऱ्या भूजलतज्ज्ञाला त्यांनी सांगितलं की पाणी दलितवस्तीतच शोधायचं. मशीन तिथे लागलं, पाणी तिथे लागलं, आणि घागरी घेऊन सवर्ण बायकांना तिथेच यावं लागलं. अस्पृश्यतेवर एकही व्याख्यान न देता पाणवठ्याची दिशा फिरवली गेली. वैद्यकीय पदवीत हा विषय नसतो.

पुढची अडचण माणसांची होती. आरोळ्यांनी आधी प्रशिक्षित परिचारिका गावात ठेवून पाहिल्या. तरणी, एकटी, परगावची मुलगी; तिला राहायला जागा धड नाही, रात्री दार वाजलं तर उघडायचं कसं, आणि गावच्या बायकाही तिच्याशी मोकळं बोलेनात. प्रयोग फसला. तेव्हा एका सरपंचानेच सुचवलं की आमच्यातलीच एखादी बाई शिकवून का घेत नाही? त्यातून ग्राम आरोग्य सेविका उभी राहिली. बाई गावाने निवडायची. निवडलेल्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या, नवऱ्याने टाकलेल्याही होत्या. त्या जामखेडला यायच्या, रात्री मुक्काम करायच्या, सगळ्या जातींच्या बायका एका पंगतीला जेवायच्या. कोंदट खोलीत शिकवलं जायचं त्यापेक्षा त्या पंगतीत जास्त शिकल्या असाव्यात.

शिकायचं काय? मूल तराजूत टाकून वजन बघायचं. हगवण लागली तर मीठ-साखरेचं पाणी चमचा चमचा पाजत राहायचं. महिनाभर खोकणाऱ्याला तपासायला धाडायचं. गरोदर बाईच्या पायांवर सूज आहे का बघायची, बाळंतपणाला हात साबणाने धुवायचे, नाळ नव्या कोऱ्या ब्लेडने कापायची. यातलं काहीच अवघड नाही. पण नाळ कशानेही कापली जायची त्या काळात एका ब्लेडने धनुर्वाताचे मृत्यू टळत होते. कुष्ठरोग्यांसाठी वेगळी खोली नव्हती. ते इतर पेशंटांच्या रांगेतच बसायचे.

आकडे असे. 1971 मध्ये प्रकल्पाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे 176 बालकं वर्षाच्या आत दगावत होती. देशाची सरासरी तेव्हा 129 होती. 1976 मध्ये जामखेडचा आकडा 52 वर आला. गरोदरपणात तपासणी होणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण पाच वर्षांत अर्ध्या टक्क्यावरून 80 टक्क्यांवर गेलं. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केनेथ नेवेल यांच्या संपादनाखाली लोकांनीच चालवलेल्या आरोग्यकामांवर एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडचं प्रकरण होतं. 1978 मध्ये अल्मा-आता येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला; 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1988 मध्ये सेविका मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलल्या. सभागृहातली झुंबरं दाखवून त्यांनी सांगितलं की आपण मातीच्या पणत्या आहोत. झुंबरावर दुसरा दिवा पेटवता येत नाही, पणतीवर येतो.

मात्र हे आकडे प्रकल्पाचे स्वतःचे होते, आणि सत्तरच्या दशकात सगळ्या महाराष्ट्रातच बालमृत्यू घसरत होते. म्हणून 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेला अभ्यास जास्त मोलाचा. त्यात जामखेडच्या गावांची शेजारच्या, प्रकल्प नसलेल्या गावांशी तुलना केली होती. पहिला महिना ओलांडलेल्या मुलांचा मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत 30 टक्क्यांनी कमी निघाला. पहिल्या महिन्यातल्या बाळांबाबत असा फायदा दिसला नाही. गौरवग्रंथांना हा निष्कर्ष थोडा बोचेल, पण दंतकथेपेक्षा तो टिकाऊ आहे. तो पहिला महिना पकडला गडचिरोलीत: डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना घरीच नवजात बाळ सांभाळायला शिकवलं आणि नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आणला, 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं.

सरकारने जामखेडकडून काय घेतलं? 1977 मध्ये जनता सरकारने गावोगाव आरोग्यसेवक नेमले, महिना 50 रुपये मानधनावर. निवडले गेले ते बरेचसे पुरुष, आणि योजना हळूहळू विरली. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ ही आरोग्यसेविका आली, साधारण हजार लोकांमागे एक. बाई गावातलीच हवी, हा धडा या वेळी पक्का घेतला होता. पैशाचा प्रश्न मात्र जामखेडने सोडवलाच नव्हता. तिथल्या सेविकांना पगार नव्हता. त्यांचं पोट शेळ्या, शिवण, छोटा धंदा यांवर चालावं आणि गावाचं काम गावासाठी व्हावं, अशी आरोळ्यांची धारणा होती. पाठीशी खंबीर संस्था असताना ते निभलं. राज्यभर हजारो बायकांकडून नोंदवह्या, सर्वेक्षणं, लसीकरण आणि कोविड करून घेताना तीच धारणा लावणं म्हणजे फुकटात राबवणं. 2023-24 मध्ये महाराष्ट्रातल्या आशांनी संप केला, आझाद मैदानात ठिय्या दिला. मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळाने मानधनात 5,000 रुपयांची वाढ मंजूर केली.

सरकारच्या हातून निसटलेली दुसरी गोष्ट मानधनापेक्षा मोठी. जामखेडची सेविका पेशंट घेऊन आली की डॉक्टर आधी तिला विचारत, काय झालं, केव्हापासून, तू काय दिलंस? चाळीस-पन्नास खाटांचं ते रुग्णालय तिच्या शब्दामागे उभं असायचं, म्हणून गावात तिचा शब्द चालायचा. डॉ. मेबल 1999 मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत 2011 मध्ये. काम त्यांची मुलं पुढे नेत आहेत. इकडे खुलताबाद तालुक्यातली आशाताई पहाटे अडलेली बाई घेऊन ग्रामीण रुग्णालयाच्या दारात उतरते, तेव्हा तिथे भूलतज्ज्ञ असेल का, रक्त मिळेल का, यातलं काहीच तिच्या हातात नसतं. ‘घाटीला न्या’ हे उत्तर मिळालं तर घरचे रुग्णालयाला बोल लावत नाहीत. ते वळून तिच्याकडे बघतात, आणि पुढच्या बाळंतपणाला तिला विचारायचं की नाही हे तिथेच ठरतं.