कोसा, चरखा आणि गिरणी

भंडारा-गोंदियाकडील जुन्या घरांतून एखाद्या आजीच्या पेटींत अजूनहि करवतकांठी लुगडें सांपडतें. अंगाचा रंग मधासारखा आणि कांठाला करवतीच्या दात्यांची रांग. तें उजेडांत धरून नीट पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, त्यांत दोन निराळ्या जगांतले धागे आहेत. अंगाचा धागा टसर रेशमाचा, म्हणजे रानांतल्या झाडावर वाढलेल्या किड्यानें काढलेला. कांठाचा धागा बहुतकरून कापसाचा, आणि तो गिरणींत कातलेला. हे दोन धागे एका मागावर कसे आले, आणि मोठमोठ्या गिरण्या बंद पडल्या असतां रानांतला धागा कसा टिकून राहिला, हें आजच्या भाषणांत सांगावयाचें आहे.

प्रथम रानाकडे जाऊं. गोंदिया जिल्ह्याच्या आग्नेय टोंकाला, देवरीच्या दक्षिणेस, चिचगड नांवाचें गांव आहे. इंग्रजी अमदानींत ही भंडारा जिल्ह्यांतील एक जमीनदारी होती. १९५१ सालीं जमीनदाऱ्या गेल्या, आणि १९९९ सालीं भंडाऱ्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला गडचिरोली, आणि मध्यें डोंगर व जंगल. मोह, तेंदू, बांबू आणि ऐन ही येथील खरी संपत्ति. तेंदूच्या पानांवर गोंदियाचा विडीचा धंदा उभा राहिला, ती कथा सर्वांच्या परिचयाची आहे. ऐनाची कथा तितकीशी कोणी सांगत नाहीं.

ऐनाच्या आणि अर्जुनाच्या पानांवर टसराचा किडा वाढतो. आजहि महाराष्ट्रांतील टसर मुख्यतः गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतूनच येतें. तुतीच्या पानांवरचा रेशमाचा किडा घरांत, टोपलींत, छपराखालीं वाढतो. हजारों वर्षांच्या पाळण्यानें तो इतका परावलंबी झाला आहे कीं त्याच्या पाखराला धड उडतांहि येत नाहीं. टसराच्या किड्यानें मात्र असा गृहस्थाश्रम पत्करला नाहीं. त्याला उघड्यावर, झाडावरच सोडावें लागतें. पावसाळ्याच्या आरंभीं कोशांतून पाखरें बाहेर पडतात, मादी अंडीं घालते, आठ-दहा दिवसांत अळ्या निघतात, आणि त्या ऐनाच्या डहाळ्यांवर चढविल्या जातात. मग सुरू होतो पहारा. कावळे, मुंग्या, गांधिलमाश्या, ढेकणाच्या जातीचे किडे, सगळ्यांचा डोळा या हिरव्यागार, बोटाएवढ्या अळ्यांवर असतो. महिना-सव्वा महिना, थंडीच्या पिकाला त्याहूनहि अधिक, पाळणारा माणूस रानांत झोपडी घालून गोफण घेऊन बसतो. एका झाडाचीं पानें संपलीं कीं अळ्या दुसऱ्या झाडावर हलवावयाच्या.

हें काम या भागांत पिढ्यान्पिढ्या ढिवर समाजाकडे आहे. एका हातानें तळ्यांतील मासळी आणि दुसऱ्या हातानें झाडावरील कोसा, असा त्यांचा संसार. कोशाच्या हंगामांत पाळणाऱ्यानें मांस खाऊं नये, ब्रह्मचर्य पाळावें, अशीं बंधनें कोसा पाळणाऱ्या जमाती कडकपणें पाळीत असत, हें जुन्या इंग्रज लेखकांनीं नोंदवून ठेविलें आहे. त्यांना त्यांत भोळेपणा दिसला. मला वाटतें, ज्या पिकाला कुंपण नाहीं आणि छप्परहि नाहीं, त्याच्या राखणदारानें रान सोडून कोठेंहि जाऊं नये, याची ती व्यवस्था असावी.

तयार कोसा कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, टणक, आणि एका देठानें फांदीला घट्ट बांधलेला असतो. पाखरूं बाहेर पडलें तर त्याला भोंक पडतें आणि अखंड धागा निघत नाहीं. म्हणून कोसे वाफवून किंवा वाळवून आंतील जीव मारावा लागतो. मग क्षाराच्या पाण्यांत उकळून ते मऊ करावयाचे, आणि चार-पांच कोशांचीं टोंकें एकत्र धरून धागा ओढावयाचा. हा धागा बायका उघड्या मांडीवर तळहातानें वळीत आल्या. एका कोशांतून कित्येक शेंकडे मीटर तंतु निघतो. त्यावरून एका लुगड्यामागें किती वेळां हात मांडीवरून फिरत असेल याचा अदमास श्रोत्यांनींच करावा.

आतां कांठाच्या धाग्याकडे वळूं. त्यासाठीं इंग्लंडच्या उत्तरेस, लँकेशायर परगण्यांत जावें लागेल. तेथें १७३३ सालीं बरी गांवच्या जॉन के यानें दोरीच्या ओढीनें धांवणारा धोटा काढला. विणणें झपाट्यानें होऊं लागलें, आणि सूत कमी पडूं लागलें. त्या टंचाईपोटीं हारग्रीव्ह्ज, आर्कराइट आणि क्रॉम्प्टन यांचीं कातण्याचीं यंत्रें १७६४ ते १७७९ या अवघ्या पंधरा वर्षांत निघालीं. लँकेशायरची हवा दमट; अशा हवेंत कापसाचा धागा तुटत नाहीं. जवळ कोळसा, जवळ लिव्हरपूलचें बंदर. कापूस मात्र बोंडभरहि तेथें पिकत नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू होऊन तिकडचा कापूस थांबला, तेव्हां लँकेशायरच्या गिरणी-कामगारांवर उपासमारीची पाळी आली, आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांचे डोळे वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीकडे लागले. १८६७ मध्यें आगगाडी नागपुरास पोंचली.

गाडीनें कापूस बाहेर नेला आणि विलायती सूत आंत आणलें. येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्याविषयीं पुष्कळ ढोबळ बोललें जातें. विलायती मालानें आमचा विणकर मारला, असें आपण म्हणतों. जाड्याभरड्या कापडाच्या बाबतींत तें खरें आहे. पण पहिला आणि पुरता घाव बसला तो चरख्यावर. कोष्ट्याला गिरणीचें सूत एकसारखें, बारीक आणि स्वस्त मिळालें; त्यानें तें आनंदानें घेतलें, आणि नागपूर, उमरेड, पवनी येथील धोतरें-लुगडीं विणलीं जातच राहिलीं. गेली ती कातणारी बाई. नागपूरकडे सूत कातणें हें विशेषतः महार कुटुंबांतील स्त्रियांचें काम होतें, आणि त्यांचे पुरुष जाडें कापड विणीत. त्या बाईचा धंदा बुडाला त्याची तक्रार कोणत्याहि दरबारीं गेली नाहीं.

पुढें सूत विलायतेहून आणण्याचीहि गरज उरली नाहीं. जमशेटजी टाटा लँकेशायरच्या गिरण्या स्वतः पाहून आले होते. गिरणी कापसाजवळ असावी, हा साधा विचार त्यांनीं केला आणि मुंबई सोडून नागपूर निवडलें. वर्धेच्या खोऱ्यांतील कापूस आणि वरोऱ्याच्या खाणीचा कोळसा दोन्ही हाताशीं होते. १८७४ सालीं कंपनी निघाली, आणि १ जानेवारी १८७७ रोजीं, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलें त्याच दिवशीं, गिरणी सुरू झाली. म्हणून तिचें नांव एम्प्रेस मिल. दलदलीची जागा भरून काढतांना एका सावकारानें हा मनुष्य सोनें मातींत घालतो म्हणून भांडवल नाकारलें, आणि नंतर यानें माती घालून सोनें काढलें अशी कबुली दिली, असें टाटांच्या चरित्रकारांनीं सांगितलें आहे. नागपूरच्या कोरड्या हवेंत धागा तुटे. त्यासाठीं हवा दमट ठेवणारीं यंत्रें बसवावीं लागलीं. म्हणजे लँकेशायरचें पाऊसपाणीसुद्धां कृत्रिम रीतीनें नागपुरांत आणावें लागलें! उलट, कड्यांच्या चात्यांचें नवें यंत्र टाटांनीं १८८३ च्या सुमारास स्वीकारलें, तेव्हां लँकेशायर आपल्या जुन्या म्यूल यंत्रालाच चिकटून होतें, आणि पुढेंहि दीर्घकाळ चिकटून राहिलें.

मँचेस्टरला ही चढाओढ रुचली नाहीं. १८९६ सालीं हिंदी गिरण्यांच्या कापडावर शेंकडा साडेतीन अबकारी बसली, ती १९२६ पर्यंत रद्द झाली नाहीं. मात्र या कायद्यांतून सूत वगळलेलें होतें, आणि हातमागालाहि कर नव्हता. एम्प्रेसचें सूत कोष्ट्याच्या मागापर्यंत मोकळेपणानें पोंचलें त्याचें हेंहि एक कारण आहे.

ज्यांच्या घरांतला चरखा थांबला, त्यांचीच पुढची पिढी हजारोंनीं गिरणींत शिरली. तेथें जात बाहेर राहिली असें मात्र नाहीं. धोट्याच्या भोकांतून सुताचें टोंक तोंडानें ओढून घेण्याची चाल लँकेशायरमध्यें होती, तीच यंत्रांबरोबर इकडे आली. मुंबईच्या गिरण्यांत या तोंड लावण्यामुळें विटाळ होतो, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना चांगल्या पगाराच्या विणकाम-खात्यांत घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न ठासून मांडला. इंग्लंडांत तीच चाल आरोग्याला घातक म्हणून पुढें बंद करण्यांत आली.

चिचगडाला गिरणीचें धुराडें कधींच लागलें नाहीं. पूर्वेचे डोंगर ओलांडले कीं राजनांदगांव. तेथें राजा बलरामदास यांच्या पुढाकारानें १८९० नंतरच्या दशकांत गिरणी निघाली, ती पुढें बंगाल-नागपूर कॉटन मिल या नांवानें चालली. १९२० सालीं ठाकूर प्यारेलालसिंग यांच्या नेतृत्वाखालीं तेथें महिन्याहून अधिक काळ संप झाला. मध्यप्रांताच्या मजूर-चळवळीच्या इतिहासांत तो महत्त्वाचा गणला जातो.

मग रानांतल्या धाग्याला इंग्लंडांत कोणी विचारलेंच नाहीं काय? विचारलें. मॅक्लस्फील्ड येथें जन्मलेले आणि लीक येथें रंगाऱ्याचा धंदा करणारे थॉमस वॉर्डल यांनीं हिंदुस्थानच्या जंगली रेशमांचा ध्यास घेतला. टसरावर रंग चढत नसे. बरीच वर्षें प्रयोग करून त्यांनीं तें साधलें आणि १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत तें कापड मांडलें. यॉर्कशायरच्या गिरण्यांना मग टसराचा एक विलक्षण उपयोग सांपडला: त्यापासून सील नांवाच्या समुद्री प्राण्याच्या कातड्यासारखें दिसणारें केंसाळ कापड निघूं लागलें. आमच्या ऐनावरच्या किड्यानें इंग्रज बाईच्या हिंवाळी डगल्याची हौस भागवावी, हा योग मोठा गमतीचा आहे! त्याच यॉर्कशायरांत, ब्रॅडफर्ड येथें, सॅम्युएल लिस्टर यांनीं कोशांच्या टाकाऊ चोथ्यापासून सूत काढण्याचें यंत्र सिद्ध करून अलोट संपत्ति मिळविली. त्यांच्या मॅनिंगहॅम मिलचें धुराडें २४९ फूट उंच आहे. परंतु या उद्योगाला हवा होता तो तुटका, चोथ्याचा माल. तो पिंजून यंत्रावर कातणें सोपें. आणि किडा तर यंत्रानें वाढवितां येतच नव्हता. त्यामुळें रानांतला पहारा रानांतच राहिला, आणि अखंड धागा मोहाडी, आंधळगांव, पवनीच्या मागांकडे जात राहिला.

करवतकांठ यंत्राला कां साधत नाहीं, हेंहि येथेंच सांगतों. त्याला तीन धोटे लागतात: दोन कांठांचे दोन आणि अंगाचा एक. प्रत्येक फेरींत कांठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवून परतवावे लागतात, आणि तो सांधा थोडा पुढें, थोडा मागें सरकवीत नेला म्हणजे करवतीचे दाते उमटतात. जॉन केचा धांवता धोटा येथें निरुपयोगी. तो या टोंकापासून त्या टोंकापर्यंत एकदम जातो, मध्यें थांबून हातमिळवणी करीत नाहीं.

पुढचा हिशेब थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. १९५८ सालीं ब्रिटन हा कापूस-कापड पाठविण्यापेक्षां जास्त मागविणारा देश झाला. बर्नली येथील क्वीन स्ट्रीट मिल १९८२ मध्यें थांबली, आणि पुढें तिचें संग्रहालय झालें. मॅनिंगहॅम मिल १९९२ सालीं बंद पडली. एम्प्रेस मिल सरकारनें हातीं घेतली होती; २००२ सालीं ती बंद झाली, आणि तिच्या जागेवर आतां मोठें बाजार-संकुल उभें आहे.

कोसा राहिला, पण सुखांत राहिला असें नव्हे. पेब्रिन नांवाचा रोग मादीकडून अंड्यांत उतरतो. मादी सूक्ष्मदर्शकाखालीं तपासूनच तिचीं अंडीं वापरावीं, ही पाश्चर यांनीं फ्रान्समध्यें १८६५ नंतर बसविलेली रीत येथेंहि लागू आहे. शुद्ध अंडीं वेळेवर मिळालीं नाहींत तर ढिवराचा सबंध हंगाम बुडतो. मांडीवर धागा वळण्यानें कातडी सोलते. त्या कष्टांतून सुटका करणारीं लहान यंत्रें आतां आलीं आहेत, आणि तीं सर्व बायकांच्या हातीं पडलीं तर वाईट वाटण्याचें कारण नाहीं. हातकामाचें कौतुक ज्यानें करावें त्याची मांडी सोलत नसते. शिवाय एक नवा प्रतिस्पर्धी आला आहे. चीनकडून येणारें, ओकच्या पानांवर वाढलेल्या किड्याचें टसर हिंदी मागांवर उभ्या धाग्यासाठीं पुष्कळ वापरलें जातें. तें गुळगुळीत असतें, आणि विणतांना तुटत नाहीं. विणकरानें तें घेतलें तर त्याला दोष देतां येत नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं त्याच्या पणज्यानें गिरणीचें सूत याच कारणासाठीं घेतलें होतें. फरक एवढाच कीं, त्या वेळीं चरखा थांबला, आणि या वेळीं ऐनाखालची झोपडी रिकामी होते.

करवतकांठी कापडाला आतां भौगोलिक निर्देशांकाची सरकारी नोंद मिळालेली आहे. पण दुकानांत हात लावून पाहणाऱ्याला त्या नोंदीपेक्षां डोळ्यांचाच उपयोग अधिक. जाळून पाहिलें तर दोन्ही टसरांना केंस जळल्याचाच वास येतो, तेव्हां त्या परीक्षेंत अर्थ नाहीं. कापड खिडकीशीं धरावें. परदेशी धागा सरळ, फिकट आणि एकसारखा दिसतो. मांडीवर वळलेला धागा कोठें जाड, कोठें बारीक असतो, त्याचा रंग एका वितींत दोनदां बदलतो, आणि मधून मधून बोटाला एक बारीक गांठ लागते. तेथें एक कोसा संपून दुसरा जोडलेला असतो.