लोणारचे पाणी आणि शाळेतले सत्य

देऊळगाव राजाच्या एखाद्या शाळकरी मुलाला विचारून पाहा, लोणारचे सरोवर कसे झाले? "उल्का पडून," असे उत्तर बहुधा एका दमात येईल. उत्तर बरोबर आहे. परीक्षेत पूर्ण गुणही मिळतील. पण पुढचा प्रश्न विचारा, "कशावरून?" इथे मात्र भल्याभल्यांची, आपल्यासारख्या मोठ्यांचीही गाडी अडते. शिक्षणात सत्याचे स्थान काय, हा जड वाटणारा प्रश्न खरे तर या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत दडलेला आहे.

लोणारची जुनी कथा आपल्या भागात घरोघरी ठाऊक आहे. विष्णूने लवणासुराचा वध केला आणि त्यातून हे खारे तळे झाले. गावातले दैत्यसूदनाचे देखणे मंदिर त्याच कथेशी जोडलेले आहे. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ बहुतेक अभ्यासक ते ज्वालामुखीचे मानत होते. सभोवती सगळा काळा बेसाल्ट असल्याने तसे वाटणे स्वाभाविकच होते. पुढे विवराच्या तळाशी छिद्रे घेऊन खडक तपासले गेले. प्रचंड आघातानेच घडू शकतील असे बदल त्यांत दिसले आणि 1973 मध्ये उल्कापाताचा पुरावा जगापुढे आला. विवराचे वय आधी सुमारे पन्नास हजार वर्षे धरले जाई. नंतर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ते साडेपाच लाखांच्याही पुढे नेले.

या साऱ्या काळात सरोवर बदलले का? नाही. बदलले ते आपले त्याविषयीचे ज्ञान. वस्तू आपल्या मतावर अवलंबून नसते, आपले मत मात्र वस्तूशी ताडून पाहावे लागते. तत्त्वज्ञ यालाच वास्तववाद म्हणतात. मूल "उल्का" हा शब्द पाठ करते तेव्हा त्याला फक्त निष्कर्ष मिळतो. लोक काय मानत होते, पुरावा कसा मिळाला आणि मत का बदलावे लागले, हे कळते तेव्हा ते सत्यापर्यंत जाण्याची वाट शिकते.

ही जाणीव नवी नाही. कोमेनियस या झेक शिक्षणतज्ज्ञाने 1658 मध्ये मुलांसाठी सचित्र पुस्तक काढले, ते शब्दाआधी वस्तू दिसली पाहिजे या आग्रहापोटी. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये काढलेल्या समाजाच्या नावातच 'सत्यशोधक' हा शब्द आहे. सत्य 'सांगणारा' नव्हे, 'शोधणारा'! 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी खेड्यातल्या शाळेत मोडी, हिशेब आणि शेतीची प्राथमिक माहिती असावी असे सुचवले. शिकवायचे ते मुलाच्या जगण्याला भिडणारे हवे, हा त्यामागचा रोख होता.

मग आज अडते कुठे? अडते ते गुणपत्रिकेपाशी. मार्च 2023 मध्ये बारावीच्या गणिताच्या पेपरची पाने परीक्षेआधीच मोबाईलवर फिरल्याचे प्रकरण आपल्या शेजारच्या सिंदखेड राजातून उघड झाले. अटक झालेल्यांत शिक्षकही होते. जिजाऊंच्या जन्मगावाचे नाव अशा कारणाने राज्यभर व्हावे, याचे दुःख कोणाला झाले नसेल? पण दोष एका गावाचा नाही. 2024 च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याच्या आसपास मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. बाकीचीही पाचवीच्याच वर्गात बसलेली आहेत. कागदावरची इयत्ता एक आणि मुलाची खरी पायरी दुसरी, हे असत्य कोणी उच्चारत नाही. ते नुसते चालू राहते. आजार लपवला तर औषध कसे मिळणार? जे मूल वाचू शकत नाही, त्याला मदत मिळण्याची पहिली अट ही की त्याला वाचता येत नाही हे कोणीतरी प्रेमाने, पण खरे खरे म्हटले पाहिजे.

सत्याचा आग्रह म्हणजे कथा-कीर्तनाला रजा, असे मात्र नाही. लवणासुराची कथा जरूर सांगावी, पण कथा म्हणून. देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांची भक्ती मुलांना सांगताना, त्यांना मंदिरात प्रवेश नव्हता हेही सांगायला हवे. ते गाळले की चरित्र गोड होते, पण खोटे होते. मुले खरे पेलू शकतात. त्यांना पेलवत नाही ती मोठ्यांची टाळाटाळ.

जून 2020 मध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा तर्कांना ऊत आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. त्या दिवसांत ज्या घरात "आपल्याला नक्की माहीत नाही, तपासून पाहू," असे एखादे वाक्य बोलले गेले असेल, त्या घरातल्या मुलाला शिक्षणाचा मोठा धडा मिळाला. त्यासाठी शाळेची घंटा व्हावी लागत नाही. निकालाच्या दिवशी "किती गुण मिळाले?" या प्रश्नाच्या जोडीला "काय कळले आणि काय कळले नाही?" एवढे विचारले, आणि दुसऱ्या उत्तराला रागावलो नाही, तरी सुरुवात झाली म्हणायची.