पान्हा फुटताना

बाळंतिणींच्या वॉर्डात सारखं कानावर पडणारं वाक्य म्हणजे, ‘हिला दूधच येत नाही.’ बाळंतीण स्वतः ते क्वचितच म्हणते. सासू म्हणते, आई म्हणते, डबा घेऊन आलेली शेजारीणही म्हणते. एका ग्रामीण रुग्णालयात मी अशा वॉर्डाचं काम बघत होते, तेव्हा खिडकीजवळच्या खाटेवर एक पहिलटकरीण होती. बाळंतपणाचा तिसरा दिवस. बाळ तोंड लावायचं, सोडायचं, रडायचं. ‘वरचं दूध पाजू का?’ असं सासूबाईंचं दोनदा विचारून झालं होतं.

सिस्टरनी आधी पडदा ओढला आणि भोवतीची माणसं बाहेर काढली. पाठीला उशी दिली, बाळ उघड्या अंगाशी घट्ट धरायला लावलं. “नुसतं टोक नको गं, काळा भागही तोंडात जाऊ दे त्याच्या. आणि खांदे सैल सोड.” मग त्या बाळाच्या जबड्याकडे पाहत राहिल्या. आधी तो भरभर, उथळ हलतो, सेकंदाला साधारण दोनदा. या चोखण्यात दूध फारसं मिळत नाही. पण आईच्या शरीरात एक साखळी सुरू होते.

स्तनाग्राच्या त्वचेतून निघालेला संदेश मज्जारज्जूवाटे मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये पोचतो. चेतासंस्था आणि संप्रेरकं आपण शाळेत निरनिराळी शिकतो, पण इथल्या काही चेतापेशी स्वतःच ऑक्सिटोसिन हे संप्रेरक बनवतात. त्यांचे लांब तंतू खाली पियुषिका ग्रंथीच्या मागच्या भागात उतरलेले असतात. संदेश आला की तंतूंच्या टोकांतून ऑक्सिटोसिन रक्तात सुटतं. दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींची जाळी असते, आणि त्या पेशींपर्यंत हुकूम नेणारी चेता नसतेच. त्यांना रक्तातून आलेलं ऑक्सिटोसिनच कळतं. ते पोचलं की जाळी आवळते आणि दूध नळ्यांमधून पुढे ढकललं जातं.

रक्त सगळीकडेच जातं. म्हणून एका बाजूला पाजताना दुसऱ्या बाजूनेही दूध ठिबकू लागतं. त्या मुलीचं लुगडं ओलं झालं ते सासूबाईंनी पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि त्या गप्प झाल्या. बाळाचा जबडा आता संथ, खोल चालत होता, मधेच गिळल्याचा आवाज येत होता. तेवढ्यात मुलगी कळवळली, “सिस्टर, पोटात कळ आली.” सिस्टरनी बेंबीखाली हात ठेवला. गर्भाशय घट्ट झालं होतं. “चांगलं आहे. अशानंच रक्तस्राव आटोक्यात राहतो.”

ही कळही ऑक्सिटोसिनचीच. पियुषिकेच्या अर्काने गर्भाशय आवळतं हे हेन्री डेल यांनी 1906 मध्ये मांजरींवरच्या प्रयोगांत पाहिलं. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ऑक्सिटोसिनची नऊ अमिनो आम्लांची साखळी उलगडली, ते प्रयोगशाळेत तयार केलं, आणि 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आज बाळ जन्मताच मिनिटभरात आईला 10 युनिटचं जे इंजेक्शन देतात, ते त्याचंच. बाळंतपणातल्या रक्तस्रावापासून त्याने असंख्य बायका वाचवल्या आहेत.

मला मात्र सगळ्यात मोलाचा वाटतो तो 1948 मध्ये प्रसिद्ध झालेला न्यूटन दांपत्याचा प्रयोग. पाजणाऱ्या आईला त्यांनी मुद्दाम त्रास दिला: पाय बर्फाच्या पाण्यात, गणितं सोडवायला, पायाची बोटं ओढणं. एरवी सरासरी 168 ग्रॅम दूध पिणाऱ्या बाळाला अशा वेळी 99 ग्रॅमच मिळालं. त्याच त्रासात आईला ऑक्सिटोसिन टोचलं, तर 153. म्हणजे दूध छातीत होतंच, उतरत नव्हतं. दुखणं, भीती, लाज यांनी ऑक्सिटोसिनचं सुटणंच रोखलं जातं. ‘दूध नाही’ असं बाळंतिणीच्या उशाशी बसून म्हणत राहणं म्हणूनच मला घातक वाटतं. ते तिच्या काळजीपोटी म्हटलं जातं, पण तिच्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतं. पडदा ओढणं हा इथे औषधोपचार आहे, आणि खाटांची गर्दी असलेल्या वॉर्डात तो पडदा असलाच पाहिजे.

दूध बनवण्याचं काम प्रोलॅक्टिनचं. ते पियुषिकेच्या पुढच्या भागातून येतं. डोपामिन त्याला एरवी दाबून ठेवतं, बाळाने चोखलं की तो दाब सैल होतो. वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि प्रोलॅक्टिनला वाट मोकळी होते. पुरेसं दूध भरायला दोन-तीन दिवस लागतात ते यामुळेच. तोवर एका वेळी चमचाभर निघणारा चीक निरोगी बाळाला पुरतो. त्याला मध चाटवू नये.

“रात्री मी सांभाळते बाळाला, ही झोपेल,” सासूबाई आत येत म्हणाल्या. सिस्टरनी मान हलवली. प्रोलॅक्टिन रात्री जास्त वाढतं, तेव्हाचं पाजणं चुकवायचं नाही. “तुम्ही दुपारी सांभाळा, आजी. रात्री नुसतं उचलून हिच्याजवळ द्या.”