विश्लेषण : प्रशिक्षक बदलला की संघ जिंकतो का?

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदाच एकदिवसीय विश्वचषक जिंकला. या संघाचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुजुमदार. दोनच वर्षांपूर्वी मुंबई क्रिकेट संघटनेने (एमसीए) त्यांच्या जागी दुसरा प्रशिक्षक नेमला होता. संघ हरला की प्रशिक्षकाचीच गच्छंती आधी का होते आणि त्यातून काय साधते, याचा हा आढावा.

मुंबईने मुजुमदार यांना का बदलले?

मुजुमदार यांनी जून २०२१ मध्ये मुंबईची सूत्रे घेतली. पहिल्याच हंगामात संघ रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईने सय्यद मुश्ताक अली ट्वेन्टी-२० स्पर्धा प्रथमच जिंकली. मात्र २०२२-२३च्या रणजी हंगामात संघ बाद फेरीही गाठू शकला नाही. मुंबईत यश मोजले जाते ते रणजी करंडकाने. पुढच्या हंगामासाठी ओमकार साळवी यांची नियुक्ती झाली आणि मार्च २०२४ मध्ये मुंबईने वानखेडेवर विदर्भाला १६९ धावांनी नमवत ४२वे रणजी जेतेपद मिळवले.

म्हणजे बदल योग्यच होता?

एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. आधीचे उदाहरण नेमके उलट आहे. चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २०१५-१६चा रणजी करंडक जिंकला. पुढच्या हंगामात इंदूरच्या अंतिम सामन्यात गुजरातकडून पराभव झाला आणि पंडित यांच्याऐवजी समीर दिघे यांच्याकडे जबाबदारी गेली. पंडित विदर्भात गेले. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे सलग दोनदा जेतेपद पटकावले. पुढे त्यांनी मध्य प्रदेशला २०२१-२२मध्ये पहिले रणजी जेतेपद मिळवून दिले, तेही अंतिम सामन्यात मुंबईला हरवून. त्या सामन्यात मुंबईचे प्रशिक्षक होते मुजुमदार!

अर्थात विदर्भाचे यश एकट्या पंडित यांचे नव्हते. वसीम जाफरचा अनुभव आणि रजनीश गुरबानीची भेदक गोलंदाजीही त्यामागे होती. एका संघाने सोडलेला प्रशिक्षक दुसरीकडे यशस्वी ठरतो, तेव्हा उणीव केवळ त्याच्यात नव्हती, एवढे मात्र स्पष्ट होते.

महिला संघाचा अनुभव काय सांगतो?

जून २०१८ ते डिसेंबर २०२२ या साडेचार वर्षांत या संघाचे मुख्य प्रशिक्षकपद चार वेळा रिकामे झाले. २०१७च्या विश्वचषकात संघाला अंतिम फेरीत नेणाऱ्या तुषार अरोठे यांनी वर्षभरात राजीनामा दिला. त्यानंतर आलेल्या रमेश पोवार यांचा कार्यकाळ मिताली राजला वगळण्यावरून झालेल्या वादानंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये संपला. डब्ल्यू. व्ही. रमण यांच्या काळात संघ २०२०च्या ट्वेन्टी-२० विश्वचषकाची अंतिम फेरी खेळला. तरीही मे २०२१ मध्ये पुन्हा पोवार आले. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत पाठवण्यात आले. २०२३चा ट्वेन्टी-२० विश्वचषक संघाने पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षकाविना, फलंदाजी प्रशिक्षक हृषीकेश कानिटकर यांच्या देखरेखीखाली खेळला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुजुमदार यांची नियुक्ती झाली.

मुजुमदार आल्यावर लगेच फरक पडला?

नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्वेन्टी-२० विश्वचषकात संघ साखळीतच गारद झाला. आधीच्या रिवाजानुसार प्रशिक्षक बदलण्याची हीच वेळ होती, पण मंडळाने त्यांना कायम ठेवले. २०२५च्या विश्वचषकातही संघाने साखळीत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडून सलग तीन सामने गमावले. त्यानंतर न्यूझीलंडवर विजय मिळाला. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचे लक्ष्य गाठताना जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा केल्या.

प्रशिक्षकच आधी का जातो?

पंधरा खेळाडू एकदम बदलता येत नाहीत, निवड समिती आणि संघटनेचे पदाधिकारी स्वतःला बदलत नाहीत. उरतो तो प्रशिक्षक. त्याला हटवले की काहीतरी केल्याचे दिसते. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांत या घाईची किंमत पैशात मोजावी लागते. तिथे प्रशिक्षकांशी दीर्घ करार असतात आणि मुदतीआधी काढल्यास उरलेली रक्कम द्यावी लागते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये फुटबॉल प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना हटवले, तेव्हा ही रक्कम साडेसात कोटी डॉलरहून अधिक होती. मुदत संपताच करार न वाढवणे संघटनेला स्वस्त पडते. खेळाडूंना मात्र नव्या माणसाची पद्धत, भाषा आणि अपेक्षा पुन्हा शिकाव्या लागतात.

मग निर्णय कसा घ्यावा?

शाळा-महाविद्यालयाच्या संघापासून राष्ट्रीय संघापर्यंत प्रश्न तेच आहेत. पराभवाची कारणे प्रशिक्षकाच्या हातातली होती का? संघनिवडीत त्याचा शब्द किती चालत होता? खेळाडू सुधारत आहेत का? त्याच्या जागी येणारा तयार आहे का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर नसताना बदल केला, तर २०२३सारखा विश्वचषक पूर्णवेळ प्रशिक्षकाविना खेळावा लागतो. मुंबईला २०२४ मध्ये बदल फळला, महिला संघाला २०२४ मध्ये न केलेला बदल फळला. फक्त शेवटच्या पराभवाकडे पाहून मात्र या दोहोंतला फरक कळत नाही.